श्वास सोडल्यावरचे फोटो

स्क्रीनवर नावाआधी हाड आलं. म्हणजे नाव होतंच, वरच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत, वय आणि नंबरासकट. पण तीस वर्षं लोकांच्या छातीचे फोटो वाचून मला नाव वाचायची सवय राहिलेली नाही. मी आधी छाती बघते, मग माणूस. दुपारचे तीन वाजत आले होते. खोलीतले दिवे मालवलेले, एसीची घरघर, शेजारी अर्धा प्यालेला गार चहा, आणि त्या दिवसातला एकोणिसावा सीटी. माऊसचं चाक फिरवत मी वरून खाली निघाले, मान, खांदे, आणि गळ्याखालच्या डाव्या आडव्या हाडापाशी माझं बोट थांबलं. हाडाच्या मधोमध एक उंचवटा होता. कधीकाळी मोडलेलं, नीट न बसवलेलं, आपलं आपण कसंबसं सांधलेलं हाड. असली हाडं आठवड्याला दोन-तीन तरी दिसतात. पण या उंचवट्यावर मी लहानपणी गाल टेकून झोपलेली आहे. कोपऱ्यातलं नाव मी नंतर वाचलं. वय एकसष्ट. दादा.

मी सहा वर्षांची होते, दादा बारा. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला लोखंडी शिडी होती. तिच्यावर चढायचं नाही असं आईनं बजावलं होतं, म्हणून मी चढले, आणि वर गेल्यावर खाली बघून रडायला लागले. दादा वर आला. मला पाठुंगळी घेऊन एक एक पायरी उतरायला लागला. आता भीती गेली होती, गंमत वाटत होती, म्हणून मी मागून त्याचे डोळे झाकले. तो नुसता म्हणाला, ‘चिमे, हात काढ.’ मी काढले नाहीत. आम्ही दोघं पडलो. मी त्याच्या अंगावर पडले, म्हणून मला खरचटलंसुद्धा नाही. आईनं विचारलं तेव्हा तो म्हणाला, माझा पाय घसरला. हात गळ्यात बांधून महिनाभर हिंडला. पट्टी सुटल्यावर हाडावर ते टेंगूळ राहिलं, आणि पुढे कुणी विचारलं की तो ऐटीत सांगायचा, ‘हा चिमीचा डोंगर.’ कसा झाला ते मात्र आजतागायत कुणाला सांगितलेलं नाही. वहिनींनासुद्धा नाही.

आणि त्या डोंगराखाली त्याची फुप्फुसं होती. मी चाक पुढे फिरवलं, फिरवायला नको होतं हे कळत असताना फिरवलं. निरोगी फुप्फुस सीटीत जवळजवळ काळं दिसतं. त्या काळ्यात रक्तवाहिन्यांच्या पांढऱ्या फांद्या असतात. बघायला छान वाटतं, मला तरी वाटतं. दादाच्या फुप्फुसात जाळी होती. बारीक, करडी, कोळ्यानं सावकाश विणल्यासारखी. ताणून वेड्यावाकड्या रुंद झालेल्या श्वासनलिका होत्या. म्हणजे व्रण. फुप्फुस आतून आक्रसत, घट्ट होत चाललं होतं. हा फोटो दुसऱ्या कुणाचा असता तर मी चार ओळी लिहून विसावा फोटो उघडला असता. चारातली शेवटची ओळ वाचून छातीच्या डॉक्टरांनी त्या माणसाला समोर बसवून सांगितलं असतं की हे बरं होणारं नाही, तीन वर्षं, फार तर पाच. मला एकदम फोनवरचा दादा आठवला. गेलं वर्षभर तो फोनवर ‘हं’, ‘बरं’, ‘ठेवतो’ एवढंच बोलायचा. वय झालं की माणसं तुसडी होतात, असं मी माझ्या नवऱ्याला म्हटलंही होतं. त्या माणसाला धाप लागत होती आणि मी त्याला तुसडा ठरवून मोकळी झाले होते. दुसऱ्यांच्या श्वासाचे फोटो वाचून माझा चरितार्थ चालतो.

छातीचा डॉक्टर माझाच एके काळचा विद्यार्थी. त्याला फोन केला तर तो गडबडला. ‘मॅडम, ते तुमचे भाऊ? बोलले नाहीत हो. उलट मला विचारत होते, फोटो बघणाऱ्या बाई बऱ्या आहेत का. मी म्हटलं, इथं त्यांच्यासारखं कुणी नाही. तर म्हणाले, असतील, पण तापट असणार.’ मला हसू आलं. मी त्याला सांगितलं, माझ्याच्यानं याचा रिपोर्ट होणार नाही, होऊही नये. दुसऱ्या कुणाला दे. माझ्या सहकाऱ्यानं रिपोर्ट केला. स्वच्छ, नेमका, त्यात खोट काढायला जागा नव्हती. जुने व्रण, कारण अज्ञात, सुधारण्याची शक्यता नाही. मी तो चारदा वाचला. पाचव्यांदा फोटोच उघडला. काहीतरी खुपत होतं. जाळीच्या मधून मधून फुप्फुसाचे काही तुकडे जरा जास्तच काळे होते, काही जरा करडे, जुन्या चादरीला वेगवेगळ्या कापडांची ठिगळं लावावीत तसे. अगदी उगाच दिसणारा फरक. तो खरा असेल तर याचा अर्थ हवा आत जाते पण बाहेर यायला कुचमते. बारक्या श्वासनलिका सुजलेल्या आहेत. आणि सुजेला कारण असतं, कारण काढलं की सूज उतरते. पण तो खरा आहे की मला हवा आहे म्हणून दिसतोय? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे फोटोंच्या बाबतीतही होत असणार. खातरजमा करायचा एकच मार्ग होता. फोटो नेहमी श्वास भरून काढतात. श्वास सोडल्यावरचे फोटो कुणी काढलेच नव्हते. पूर्ण श्वास सोडला की चांगलं फुप्फुस करडं होतं. जिथं हवा अडकते ते तेवढं काळं राहतं.

दादाला पुन्हा बोलावलं. मी तिथं असणार हे त्याला सांगितलं नव्हतं. काचेपलीकडे तो त्या अरुंद फळीवर हात डोक्यावर घेऊन उताणा पडला होता. पायांत मोजे, एक वर, एक घसरलेला. मशीनवाल्या मुलीनं माइकवर सूचना द्यायला सुरुवात केली आणि मला राहवलं नाही, मी माइक ओढून घेतला. ‘श्वास घे,’ मी म्हटलं. ‘आता सोड. सगळा सोड, दादा. अजून.’ फळीवरची छाती क्षणभर थबकली आणि मग गदगद हलायला लागली. तो हसत होता. सगळे फोटो हलले. मशीनवाली मुलगी माझ्याकडे बघायला लागली. आतून त्याचा आवाज आला, तुटक, धापेनं मधेच चिरलेला, ‘सापडलो... म्हणजे.’ ‘बोलू नकोस,’ मी ओरडले, ‘फोटो हलतो.’ ‘तापट आहे,’ तो मशीनला म्हणाला. दुसऱ्या वेळी त्यानं शहाण्यासारखा श्वास सोडला, आणि मी बघत राहिले: त्याचं पोट आत गेलं, बरगड्या खाली बसल्या, मोडलेल्या हाडावरची कातडी ताणली गेली. बाहेर आल्यावर मी विचारलं, मला का सांगितलं नाहीस? शर्टाची बटणं लावता लावता, दर दोन बटणांनी थांबत तो म्हणाला, ‘सांगितलं असतं तर तू रडत फोटो बघितला असतास. रडत बघितलेला फोटो... चुकतो ना?’ मी म्हटलं, न सांगताही रडतच बघितला. ‘मग चुकला असेल,’ तो म्हणाला. ‘चुकलेला बरा.’

फोटो चुकला नव्हता. ठिगळं होती. मी गुरुवारी ते फोटो घेऊन बैठकीला गेले. दर गुरुवारी आम्ही तिघं बसतो: छातीचा डॉक्टर माणूस बघून आलेला असतो, मी सावल्या बघितलेल्या असतात, आणि तिसरे आमचे भिंगवाले, ज्यांनी त्या माणसाच्या फुप्फुसाचा नखाएवढा तुकडा मायक्रोस्कोपखाली बघितलेला असतो. भिंगवाले हे मीच ठेवलेलं नाव. ते मला सावलीबाई म्हणतात. सव्वीस वर्षं आम्ही भांडतोय. ते म्हणतात, तुम्ही सावलीवरून माणूस ओळखता. मी म्हणते, तुम्ही शितावरून भाताची परीक्षा करता, आणि तुमचं शीत कुठल्या कोपऱ्यातलं ते तुम्हालाही ठाऊक नसतं. पण त्यांनी तुकड्यात बघितलेलं आणि मी सावलीत बघितलेलं जुळत नाही तोवर दोघांनाही जेवण गोड लागत नाही. दादाची दुर्बिणीतून बायोप्सी झाली होती. त्या दिवशी भिंगवाल्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, ‘तुकड्यांत व्रण आहेत. फक्त व्रण. बाकी काही नाही.’ मी फोटो दाखवले, ठिगळं दाखवली, म्हटलं, हे नुसते व्रण नाहीत, याला काहीतरी बाधतंय, हा काहीतरी रोज श्वासातून आत घेतोय. भिंगवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग फार हळू विचारलं, ‘सावलीबाई, हे तुम्ही बघताय की बहीण बघतेय?’

मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण तोच प्रश्न मीही दहा दिवस स्वतःला विचारत होते. घरी भाजी चिरताना, सिग्नलला गाडीत बसून, दुसऱ्यांचे फोटो बघताना. या धंद्यात माया ही नजरेवरची साय असते असं मला शिकवलं गेलं, मीही पुढे तेच शिकवलं. पण दहा दिवसांत मला वेगळंच वाटायला लागलं होतं. दुसऱ्या कुणाचा फोटो मी एकदा बघितला असता. दादाचा मी साठ वेळा बघितला. ठिगळं मायेमुळे तिथं आली नव्हती, ती होतीच. माया फक्त मला खुर्चीतून उठू देत नव्हती. हे मी बैठकीत म्हटलं नाही. एवढंच म्हटलं, ‘बहीण बघत असेल. पण त्या तुकड्यांचा मेणातला ब्लॉक अजून खोल कापून बघा. माझ्यासाठी म्हणून नव्हे.’ ‘मग कुणासाठी?’ ते म्हणाले. ‘तुमचं जेवण गोड लागावं म्हणून.’ ते हसले नाहीत. उठताना मात्र पुटपुटले, ‘सुतावरून स्वर्ग गाठायला लावता.’

सोमवारी सकाळी त्यांचा फोन आला. ‘या. बहिणीला बाहेर बसवून या.’ त्यांच्या खोलीत फॉर्मलिनचा वास असतो, डोळ्यांत पाणी आणणारा. सव्वीस वर्षांत मी तिथं कधी विनाकारण बसलेली नाही. दोघांना एकदम बघता येईल असं त्यांचं मायक्रोस्कोप. त्यांच्या समोरच्या भिंगाला मी डोळे लावले. जांभळा-गुलाबी चिखल. मला त्यातलं नेहमीच अर्धंमुर्धं कळतं. ‘हा व्रण,’ ते म्हणाले आणि स्लाइड सरकली. ‘हाही व्रण. आता ही बारीक श्वासनलिका. तिच्या कुशीत बघा.’ तिथं पेशींचा एक सैलसर पुंजका होता, घाईत बांधलेल्या गाठोड्यासारखा, आणि मध्ये एक मोठी पेशी, पुष्कळ केंद्रकांची. ‘ग्रॅन्युलोमा,’ ते म्हणाले. ‘अठ्ठावीस काप पाडले. एकोणिसाव्यात पहिला, बाविसाव्यात दुसरा. बाहेरून काहीतरी येतंय आणि शरीर त्याच्याशी भांडतंय. तुमची ठिगळं खरी.’ मी भिंगावरून डोळे काढलेच नाहीत. गुलाबी चिखल पातळ होऊन हलायला लागला. दादाच्या आतली ती नखाएवढी जागा, जिथं मी कधी जाऊ शकले नसते. थोड्या वेळानं भिंगवाले म्हणाले, ‘बहीणही आत आलीय वाटतं. येऊ दे. तिच्यामुळेच काप पाडले.’ आणि टेबलावरच्या खोक्यातून त्यांनी मला लेन्स पुसायचा मऊ कागद दिला, कारण रुमाल दोघांकडेही नव्हता.

आता प्रश्न होता, काय येतंय. छातीच्या डॉक्टरनं पानभर प्रश्न विचारले होते. घरात पक्षी? नाही. शेजारी कबुतरं? नाही. ओल? नाही. बुरशी? नाही. धान्याचं कोठार, लाकडाचा भुसा, कूलर? नाही, नाही, नाही. दादा आयुष्यभर नकाशे काढायच्या कचेरीत होता. कागद, पेन्सिल आणि फिरती खुर्ची. मी रविवारी त्याच्या घरी गेले. वहिनींनी दार उघडलं. ‘या वन्सं, झडती घ्यायला आलात ना? घ्या. कपाटाच्या वर मात्र बघू नका, तिथं मी चार वर्षांत बघितलेलं नाही.’ मी तिथंही बघितलं. न्हाणीघराच्या भिंती, खिडक्यांच्या फटी, कुंड्यांखाली, नळाखाली. वहिनी मागून टॉर्च धरत होत्या. त्यांना ना खोकला ना धाप. एकाच घरातली दोन माणसं, मग एकालाच का? ‘झोपायच्या खोल्या वेगळ्या,’ वहिनी म्हणाल्या. ‘मला उकडतं, त्यांना थंडी वाजते. तीस वर्षं पंख्यावरून भांडलो, आता तह झालाय.’ दादाच्या खोलीत पलंग नीट आवरलेला होता. पायथ्याशी घडी करून ठेवलेली जाड, हलकी दुलई, वर वहिनींनी शिवलेला निळा सुती अभ्रा. मी ती बाजूला करून गादीची शिवण तपासायला वाकले. दुलई उचलताना तिचं वजन हाताला लागलं नाही. मी ती पुन्हा पलंगावर ठेवली. अभ्र्याचं टोक मी उघडलं. आत पांढरं, गुळगुळीत कापड होतं, आणि एका शिवणीतून पिसाचा बारीकसा देठ बाहेर आला होता.

चार वर्षांपूर्वी मी एका थंड देशात परिषदेला गेले होते. तिथल्या हॉटेलात पहिल्या सकाळी जाग आली तेव्हा अंगावर काही आहे असं वाटेना, आणि थंडी म्हणून वाजेना. मला दादा आठवला. बारा महिने स्वेटर घालणारा, दोन रजया घेऊन त्यांच्या ओझ्याखाली कण्हणारा दादा. शेवटच्या दिवशी भाषणं सोडून मी दुकानं पालथी घातली आणि पिसांची दुलई विमानातून मांडीवर घेऊन आले. त्याच्या खांद्यांवर स्वतः घातली होती. ‘हिला वजनच नाही गं,’ तो म्हणाला होता, आणि पोरासारखा आत शिरून बसला होता. चार वर्षं रोज आठ आठ तास तो पिसांची ती धूळ हुंगत होता. घरात पक्षी? नाही. कुणी खोटं बोललं नव्हतं.

दादा बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र घेऊन बसला होता. मी दुलई मिठीत धरून त्याच्यासमोर उभी राहिले आणि वहिनी म्हणाल्या, ‘अहो, बघा, वन्सं दिलेली भेट परत न्यायला लागल्या.’ मी रोग्याला समजावतात तशा भाषेत बोलले, पिसं, धूळ, सूज, व्रण, आणि वाक्याच्या शेवटी पोचल्यावर म्हटलं, ‘मीच दिलं तुला हे, दादा. आजार मीच आणून दिला.’ त्यानं वर्तमानपत्राची घडी घातली. ‘मला वाटलंच होतं,’ तो म्हणाला. ‘काय वाटलं होतं?’ ‘की हिचं नि माझं... जमत नाही. घेतली की खोकला यायचा. गावाला गेलो की... बरं वाटायचं.’ ‘मग घेत का होतास?’ मी किंचाळले असेन, कारण वहिनींनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तो थोडा वेळ श्वास गोळा करत बसला. ‘तू येऊन विचारायचीस. दुलई घेतोस ना? मग काय सांगायचं? आणि खरं सांगू, ऊब छान होती.’ वहिनी एकदम म्हणाल्या, ‘भावाबहिणींचं हे असलं प्रेम! एकीनं द्यायचं, दुसऱ्यानं मरेस्तोवर पांघरायचं. मला सांगितलं असतं तर पहिल्याच आठवड्यात बाहेर फेकली असती.’ आणि त्यांनी माझ्या हातातून दुलई काढून घेतली, अभ्र्यासकट प्लॅस्टिकच्या मोठ्या पिशवीत कोंबली, तोंडाला पदर लावून पिशवीची गाठ मारली आणि दाराबाहेर ठेवली. परत येऊन पदरानं डोळे पुसले. तो पदर डोळ्यांना लावू नका, आधी हात धुवा, असं मी म्हणाले, आणि मग आम्ही तिघंही हसलो. दादाला खोकला येईपर्यंत हसलो.

रक्तातही पिसांविरुद्धची तक्रार सापडली. गोळ्या सुरू झाल्या. सहा महिन्यांनी पुन्हा फोटो काढले, श्वास घेतल्यावरचे आणि सोडल्यावरचे. रिपोर्ट सहकाऱ्यानंच केला, पण बघितले आम्ही सगळ्यांनी. ठिगळं जवळजवळ गेली होती. जाळी होती तिथंच होती; वाढली नव्हती, कमीही झाली नव्हती. भिंगवाले माझ्या अंधाऱ्या खोलीत येऊन मागे उभे राहिले, बराच वेळ. ‘सूज उतरली,’ ते म्हणाले, ‘व्रण राहिले.’ मी म्हटलं, हो. ‘आधी आला असता तर...’ त्यांनी वाक्य सोडून दिलं. ते वाक्य मी रोज पुरं करते. दादा गेल्या वर्षभरात एकदाच त्याबद्दल बोलला. म्हणाला, ‘चिमे, जे राहिलंय त्यात माझं काम भागतं. तू उगाच त्याचा हिशेब करत बसू नकोस.’ तो जिने चढत नाही. मोठ्यानं गात नाही, पण ते आधीही कुणाला नको होतं. फोन मात्र आता अर्धा अर्धा तास ठेवत नाही, आणि मीच ‘हं’, ‘बरं’ करते.

परवा त्याच्याकडून निघाले तर तो म्हणाला, स्टॉपपर्यंत येतो. त्याच्या घरापासून बसस्टॉपपर्यंत चढ आहे, फार नाही, माझ्यासारखीला कळतही नाही. संध्याकाळचं कोवळं ऊन होतं, शाळा सुटली होती. तो वहिनींच्या गुडघ्यांबद्दल काहीतरी सांगत होता. चढाच्या मध्यावर त्यानं गोष्ट अर्धवट सोडली आणि एका दुकानाच्या काचेसमोर उभा राहिला. नळांचं दुकान. काचेआड नळच नळ, भांडी घासायच्या मोऱ्या, शॉवरच्या तोट्या. तो हात पाठीमागे बांधून फार लक्ष देऊन बघत होता. त्याच्या नाकपुड्या फुलत होत्या, गळ्याच्या खळगीतली कातडी आत ओढली जात होती. धाप लागणारी माणसं अशीच थांबतात हे मी किती विद्यार्थ्यांना सांगितलंय: तक्रार करत नाहीत, दुकानं बघतात. मी त्याच्या शेजारी उभी राहिले. काचेत आम्ही दोघं दिसत होतो, दोन पिकल्या केसांची माणसं, नळांच्या मधून. ‘तो लांब मानेचा बघितलास?’ मी म्हटलं. ‘बगळ्यासारखा दिसतो.’ ‘पाणी उडेल त्याचं,’ तो म्हणाला. थोड्या वेळानं त्याचे खांदे खाली आले. श्वास पुरता बसला नव्हता, ते मला ऐकू येत होतं. तरी तो काचेपासून वळला. ‘चल,’ तो म्हणाला, ‘तुझी बस जाईल.’

‘थांब रे,’ मी म्हटलं, ‘मला अजून तो कोपऱ्यातला बघायचाय.’